बांगड्यांचं रीळ म्हणजे रेशीम नव्हे

क्रोशा विणणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मेसेज फिरतोय: "लेससाठी कुठलाही सिल्क थ्रेड चालतो. चमक जास्त, तितकं रेशीम अस्सल. जाळल्यावर केसांचा वास आला की बिनधास्त घ्या. धुवायचं कॉटनसारखंच." हे वाचून इथल्या मुली म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून रिळं आणतात आणि मेहनत वाया जाते, म्हणून लिहितेय.

बांगड्या आणि गोंड्यांसाठी 'सिल्क थ्रेड' म्हणून मिळणारी रिळं बहुतेक वेळा रेयॉनची नाहीतर पॉलिस्टरची असतात. ओल्या रेयॉनची ताकद बरीच घटते. लेस तर ओली असतानाच ताणून, पिना टोचून वाळवायची असते.

चमकीचं म्हणाल, तर फ्रान्सच्या शांतिली लेसचं काळं रेशीम, ग्रेनाडिन, घट्ट पिळाचं आणि जवळजवळ बिनचमकीचं असायचं. भरतकामाचं सैल पिळाचं रेशीम झगझगतं खरं, पण क्रोशाच्या सुईवर फाटतं: अर्धे तंतू आकड्यात, अर्धे बाहेर. उसवायची वेळ आली तर सगळा गुंता. लेसला दोन-तीन पदरी, घट्ट पिळाचा धागाच हवा. दुकानातच धागा दोन बोटांत धरून पिळाच्या उलट फिरवा. जरा फिरवताच पदर सुटून पसरले, तर तो लेससाठी घेऊ नका.

केसांच्या वासाची खूण खरी, पण अपुरी. लोकरही जळताना तसाच वास देते. शिवाय अस्सल रेशीमही दोन तऱ्हांचं: कोशातून अखंड उलगडलेलं, ज्याचा एकेक तंतू शेकडो मीटर लांब असतो, आणि फुटक्या कोशांचे तुकडे कातून केलेलं. वासावरून फरक कळत नाही. कातलेल्याला लव असते, ती बारीक जाळीची भोकं धूसर करते. शालीच्या किनारीला मात्र तेच मऊ आणि छान. रेशमी मालावर लावलं जाणारं, २००४ पासूनचं 'सिल्क मार्क' लेबल शुद्धतेची खात्री देतं, पिळाची नाही.

जाडीबद्दल मेसेजात अवाक्षर नाही. नंबर कंपनीगणिक बदलतात, म्हणून धागा पट्टीवर गुंडाळून एका सेंटिमीटरात किती वेढे बसतात ते मोजा आणि नमुन्यासाठी सांगितलेल्या धाग्याशी ताडून बघा.

आणि कॉटनसारखं धुणं तर नकोच. क्लोरिनच्या ब्लीचने रेशीम विरघळतं, कडक साबणाने कमजोर होतं. सौम्य शॅम्पू आणि कोमट पाणी पुरे. पिना पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या. आपल्या पावसाळी हवेत लोखंडी पिना गंजतात आणि रेशमावरचा गंजाचा डाग सहसा निघत नाही.