पुन्हा तोच वास!

सकाळी डिशवॉशरचं दार उघडलं आणि पुन्हा तोच भपकारा! काल बांगड्याचं कालवण होतं. ताटं दिसायला लख्ख, पण पाण्याचा पेला तोंडाला लावला की वशट वास.

कितीदा सांगितलं, काटे, शितं, कढीपत्ता आधी कचऱ्यात झटका. "मशीन आहे ना!" हे ठरलेलं उत्तर. अरे, मशीन अन्न गिळत नाही! सगळं तळाच्या जाळीत जाऊन बसतं आणि बंद दमटपणात कुजतं. ती जाळी काढून जुन्या ब्रशनं घासायचं काम दर आठवड्याला माझ्याच वाट्याला. परवा त्यात बुळबुळीत झालेलं आमसूल निघालं. दाराच्या रबराच्या खाचेत तर काळा चिकट थर!

त्यात वीज वाचवायची म्हणून रोज तो अर्ध्या तासाचा कोमट पाण्याचा प्रोग्राम. वाटणाचं तेल त्यात नीट सुटतच नाही, आत थर धरून बसतं. अधूनमधून ६५-७० अंशांचा लावा ना! मी वरच्या कप्प्यात वाटीभर व्हिनेगर ठेवून मशीन रिकामंच गरम पाण्यावर चालवते, मग दोन दिवस बरे जातात.

आणि भांडी काढल्यावर दार किलकिलं ठेवा, एवढं तरी! आत्ताही कुणीतरी ते घट्ट लावून गेलंय.