खंड पडल्यानंतरचा दिवस

चार वर्षं होत आली, आठवड्यातले पाच दिवस सकाळी चाळीस मिनिटं व्यायाम करतेय. थोडं पळणं, बैठका, जोर. (जोर अजून एका दमात दहाच्या पुढे जात नाहीत, हे आधीच सांगून टाकते.) वजनाचा काटा म्हणाल तर जिथे होता तिथेच आहे. तरी हे सुटत नाही, आणि का सुटत नाही ते बरेच दिवस लिहायचं होतं.

माझी जुनी तक्रार म्हणजे धडधड. चार लोकांसमोर बोलायचं असलं किंवा कुणाशी वाजणार असं दिसलं, की छाती धडधडायची, तळहात ओले, श्वास वरच्या वर. मग त्या धडधडीचीच धास्ती घ्यायची: आता आपल्याला काहीतरी होणार! पळायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात जाणवलं, अरे, ही तर तीच धडधड. तीच धाप, तोच घाम. फक्त इथे ती मी स्वतःहून ओढवून घेतलेली आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत ओसरणारी. हे शेकडो वेळा झाल्यावर शरीराला आपोआप कळलं की हृदय जोरात चाललंय म्हणजे संकट आलंय असं नाही. आजही बोलायच्या आधी छाती धडधडते. मी धडधडू देते. शरीरातल्या अशा लक्षणांची भीती नियमित व्यायामाने कमी होते, असं मानसशास्त्रातल्या अभ्यासांतही दिसलंय, पण मला ते नंतर कळलं.

‘एंडॉर्फिनमुळे बरं वाटतं’ हे वाक्य मात्र मला आता ऐकवत नाही. एंडॉर्फिन म्हणजे व्यायामाच्या वेळी शरीरात तयार होणारं, वेदना कमी करणारं रसायन; पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरतच नाही. पळून आल्यावरच्या हलकेपणाचं श्रेय संशोधक हल्ली एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या, शरीरातच तयार होणाऱ्या रसायनांना जास्त देतात. असो. ते हलकेपण तास-दोन तासांचं. मी बोलतेय ते त्याहून टिकाऊ गोष्टीबद्दल.

मागच्या वर्षी तापाने तीन आठवडे अंथरुणात होते. बरी झाले, शक्ती आली, आणि तरी पुढचे नऊ दिवस मी ‘उद्यापासून’ म्हणत काढले. मन अशा वेळी नामांकित वकील होतं. अजून अशक्तपणा आहे, झोप महत्त्वाची, महिना संपतोच आहे तर एक तारखेपासून सुरू करू! दहाव्या दिवशी उठले, बूट घातले आणि नेहमीच्या निम्म्या अंतरात धापा टाकत परत आले. चार वर्षांतला सगळ्यात वाईट व्यायाम. माझ्या मते मनाची ताकद म्हणतात ती त्या दिवशीच्या त्या वीस मिनिटांत होती. जोम असताना पळणं मला कधीच कठीण गेलेलं नाही. आपण घसरलोय हे दिसत असताना, लाज गिळून, खालच्या पायरीवरून पुन्हा सुरू करणं कठीण. आणि ते एकदा जमलं की रखडलेलं काम असो, बिघडलेलं नातं असो, तिथेही हात घालायची भीड चेपते.

म्हणून ‘सलग पाचशे दिवस, एकही खाडा नाही’ अशा पोस्ट वाचल्या की मला त्या माणसाच्या पाचशे एकाव्या दिवसाची काळजी वाटते. एकवीस दिवसांत सवय लागते हेही तसंच. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, आणि माणसागणिक फरक 18 ते 254 दिवसांचा! मला त्यातलं आवडलं ते वेगळंच: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता.

एक गोष्ट मात्र ठामपणे. नैराश्यात असलेल्या माणसाला ‘जरा पळून ये, बरं वाटेल’ म्हणू नका. 1999 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा एक अभ्यास आला होता, पन्नाशीच्या पुढच्या 156 रुग्णांचा. सोळा आठवड्यांनी व्यायामाचा गट आणि गोळ्यांचा गट जवळपास सारखेच सुधारले होते. हा अभ्यास लोक मिरवतात, पण तिथला व्यायाम आठवड्यातून तीनदा, गटात, देखरेखीखाली होता हे सांगत नाहीत. गोळ्यांचा गुण लवकर आला होता, हेही. ज्याला अंथरुणातून उठणंच जड झालंय त्याला आधी डॉक्टर आणि सोबत हवी. माझ्या बुटांच्या गोष्टी नकोत.

हे सगळं आज लिहायचं कारण, पाठ धरल्याने चार दिवस झाले बूट दाराशी तसेच पडून आहेत. आज दुखणं बरंच उतरलंय. वकील सकाळपासून बोलतोय, आणि त्याचे मुद्दे या वेळी खरंच बरे आहेत. उद्या दहा मिनिटं नुसतं चालून येणार आहे.