‘मॅडम, ॲपवर टाकलं होतं’

मुलाच्या शाळेच्या ॲपवर सकाळी ६.४८ ला सुट्टीची सूचना! आमच्या सोसायटीखाली शाळेची रिक्षा येते ६.३५ ला. घंटा ७.१० ची. निम्मी डोंबिवली त्या वेळी पोरांना रिक्षात बसवून स्टेशनकडे धावत असते, आणि हे त्या शाळेत बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, कारण तेही त्याच डोंबिवलीत राहतात.

रात्रभर पाऊस कोसळत होता. जिल्ह्याला रेड अलर्ट होता. जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश आदल्या रात्रीच निघाला होता, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. म्हणजे शाळेच्या हातात अख्खी रात्र होती. पालकांच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला आदेशाचा फोटो आला होता, नाही असं नाही. पण लगेच कोणीतरी लिहिलं की तारीख बघा, हा गेल्या वर्षीचा आहे. मग दुसरा फोटो आला, तो पालघरचा निघाला. दर पावसाळ्यात हेच होतं. आणि शाळेने जूनमध्येच बजावलंय की ॲपवर सूचना आल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नका. ठेवला नाही! तुमचंच ऐकलं!

ते ॲप आपोआप लॉगआउट होतं. पुन्हा उघडायचं तर ओटीपी. ओटीपी जातो नवऱ्याच्या नंबरवर, कारण त्यात एकच नंबर बसतो. नवरा रात्रपाळीला, मोबाइल कंपनीच्या लॉकरमध्ये. आईचाही नंबर घाला म्हणून मी दोनदा अर्ज दिला, कागदावर, सही करून. उत्तर आलं, ‘सिस्टीम घेत नाही.’ सिस्टीम कोणी विकत घेतली? मी?

रिक्षावाल्या काकांनी पोरांना गेटवर सोडलं आणि ते पुढच्या फेरीला गेले. त्यांचा दोष नाही, त्यांच्याकडे ते ॲपच नाही. पन्नास-पन्नास पोरं रोज ज्यांच्या रिक्षांतून शाळेत येतात, त्या माणसांना कळवायची सोय कोणाच्या डोक्यातच आली नाही. वॉचमनने गेटच्या आतून सांगितलं, आज सुट्टी आहे, घरी जा. सहावीतलं पोर कसं जाणार घरी? पाणी पोटऱ्यांपर्यंत. मोबाइल शाळेत आणायचा नाही, हा नियम बरोबरच आहे आणि आम्ही तो पाळतो. माझा मुलगा आणि अजून तीन मुलं समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिली. दुकान बंद. पाऊण तास! दुकानदार आला, त्याने शटर उघडून पोरांना आत घेतलं आणि आपल्या फोनवरून एकेकाच्या घरी लावला. माझा नंबर मुलाला पाठ होता, तो सासूबाईंनी पाढ्यांसारखा घोकून घेतलाय म्हणून. मी तेव्हा ठाण्याच्या पुढे, रखडलेल्या लोकलमध्ये दारात अडकलेली. अनोळखी नंबर. उचलला नसता तर?

अकरा वाजता शाळेचा फोन लागला. त्याआधी सतरा वेळा ‘प्रवेशासाठी एक दाबा’ ऐकलं होतं. पलीकडून शांतपणे सांगितलं गेलं, ‘मॅडम, ॲपवर टाकलं होतं. आमच्याकडे सेंट दाखवतंय.’

सेंट दाखवतंय! पोर पावसात उभं होतं आणि यांच्याकडे सेंट दाखवतंय! पाठवलं म्हणजे पोचलं असं कोणी ठरवलं? यांनी ॲप आणलं ते आम्हाला कळावं म्हणून नाही, ‘आम्ही कळवलं होतं’ असं त्यांना नंतर म्हणता यावं म्हणून. माझं हे ठाम मत झालंय.

कारण फीचं कसं पोचतं बघा. फीची आठवण एसएमएसने येते, ईमेलने येते, ॲपवर येते, आणि तरी नाही भरली तर चौथ्या दिवशी प्रत्यक्ष माणसाचा फोन येतो. तोही माझ्या नंबरवर! तेव्हा सिस्टीम बरोबर घेते.

गेल्या वर्षापासून डायरी बंद केली. पेपरलेस म्हणे. तीस-चाळीस रुपयांची ती डायरी, रोज दप्तरात, मागच्या पानावर दोन्ही पालकांचे नंबर, खाली बाईंची सही, आमची सही. सही असायची म्हणजे बाईंना कळायचं की घरी वाचलं गेलंय. आता सूचना पीडीएफमध्ये येते, आडवी स्कॅन केलेली, आणि तीही नुसती इंग्रजीत. दुपारी घरी कोण असतं? सासूबाई. त्या वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, पण ही सूचना त्यांना वाचता येत नाही. मराठीत चार ओळी लिहायला काय जातं? आणि ‘उद्या चार्ट पेपर आणि बिया चिकटवलेला तक्ता आणावा’ हे रात्री दहा वाजता! आमच्या नाक्यावरचं स्टेशनरीचं दुकान साडेनऊला बंद होतं. अपार आयडीच्या, म्हणजे मुलांच्या त्या सरकारी ओळख क्रमांकाच्या वेळी तर ‘आजच्या आज संमतिपत्र द्या’. आधार आणि शाळेच्या नोंदीत नावाचं एक स्पेलिंग जुळेना, म्हणून मी अर्धा दिवस रजा टाकली. विचारायचं म्हटलं तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतात. पोर आमचं, आणि तोंड उघडायचा अधिकार फक्त त्यांना.

मी वर्गशिक्षिकांवर चिडलेली नाही, हे स्पष्ट सांगते. माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. यू-डायसवर शाळेची माहिती भरा, शालार्थवर पगाराची, पोषण आहाराची रोजची माहिती, चॅटबॉटवर हजेरी, आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर रात्री ‘तातडीने’ मागवलेले तक्ते. तिला फळ्यासमोर उभं राहायला वेळ मिळत नाही. आमच्या मुलाच्या बाईही रात्री अकराला सूचना टाकतात, तेव्हा त्यांच्याही घरी पोरं झोपायची असतात. पण हे सगळं ज्यांनी ठरवलं, ते कधी गेटवर उभे राहिलेत का पावसात?

२६ जुलै २००५ आठवतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. माझी धाकटी बहीण आठवीत होती. फोन बंद, वीज नाही, लोकल ठप्प. तिच्या बाईंनी चाळीस मुलींना रात्रभर शाळेत ठेवलं, आणि शाळेचे शिपाईकाका कमरेएवढ्या पाण्यातून आमच्या चाळीत येऊन सांगून गेले की पोरगी सुखरूप आहे, सकाळी न्यायला या. आई त्यांना चहा घ्या म्हणत होती आणि ते थांबले नाहीत, अजून नऊ घरं बाकी होती. त्यांच्या हातात एक कागद होता, पिशवीत गुंडाळलेला, त्यावर मुलींचे पत्ते. वीस वर्षं होऊन गेली. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि माझं पोर कुठे आहे हे मला झेरॉक्सवाल्याने सांगितलं.

मी उद्या लेखी देणार आहे आणि पोच घेणार आहे. सुट्टीची सूचना रात्रीच, साध्या एसएमएसने, आई आणि बाबा दोघांच्या नंबरवर, मराठीत. रिक्षा आणि बसवाल्यांच्या नंबरांची यादी शाळेत. सुट्टी असली तरी साडेसातपर्यंत गेटवर एक शिक्षक, आणि आलेलं पोर आत घ्यायचं, बाहेर हाकलायचं नाही. पालक-शिक्षक संघाच्या सभेतही हेच मांडणार आहे. मागच्या सभेत अर्धा तास फक्त गॅदरिंगच्या ड्रेसवर गेला, या वेळी मी जाऊ देणार नाही.

पुस्तकं पंख्याखाली वाळत घातलीत. विज्ञानाच्या वहीची शाई पार पसरलीय, ती पुन्हा लिहावी लागेल. उद्याही ऑरेंज अलर्ट आहे. रिक्षावाल्या काकांना मघाशी फोन केला. ते म्हणाले, ‘ताई, पोरं आत गेल्याशिवाय मी आता हलत नाही.’