कॉलर माइकची खरखर: पुसण्याआधी ती येते कुठून ते बघा

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवायची चांगली लाट बडोद्याच्या मराठी घरांत आली आहे. तिच्यासोबत एक निरोपही फिरतोय. मला तो चार ग्रुपांवरून आला. निरोपाचा सारांश असा: छोट्या कॉलर माइकमधून सूंऽऽ असा आवाज आला की माइक नकली समजा. नवा घेईपर्यंत रेकॉर्डरचा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते माप) पूर्ण वाढवा, म्हणजे बोलणं खरखरीच्या वर येईल. रेकॉर्डर चार्जरला लावून ठेवा, म्हणजे माइकला पुरेशी वीज मिळेल. फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची, म्हणजे जास्त बारकाईने मोजलेली, घ्या. आणि तरी खरखर उरलीच तर ॲपने पुसून टाका.

लिहिणाऱ्याची कळकळ खरी असेल. पण याच सल्ल्यावर विसंबून दांडिया बाजारातल्या एका काकूंच्या जात्यावरच्या ओव्या मी स्वतः वाया घालवल्या आहेत. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ‘नकली माइक’. छोटा माइक म्हटला की थोडी सूंऽऽ येणारच, कितीही पैसे मोजा. आत एक पातळ पडदा असतो आणि कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा थर असतो. हा इलेक्ट्रेट माइक जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी १९६२ साली बेल लॅबमध्ये घडवला. पडद्यामागे एक इवलासा ट्रान्झिस्टर असतो. पडदा लहान झाला की त्याच्याकडून मिळणारा सिग्नल क्षीण होतो, पण ट्रान्झिस्टरची स्वतःची कुजबुज काही त्या मानाने कमी होत नाही. स्टुडिओत वापरतात त्या एक इंची पडद्याच्या रोड एनटी१-ए या माइकचा स्वतःचा आवाज ५ डेसिबल आहे. नाटक-सिनेमावाल्यांचा लाडका छोटा माइक डीपीए ४०६०, ज्याची किंमत ऐकून आपण दुकानातून परत फिरू, त्याचाही सुमारे २३ आहे. आपल्या साध्या माइकच्या खोक्यावर सिग्नल-टू-नॉइज (आवाज माइकच्या कुजबुजीच्या किती वर आहे ते) ६० डेसिबल लिहिलेलं असेल, तर ९४ मधून, म्हणजे मोजणीसाठी ठरलेल्या आवाजाच्या पातळीतून, ६० वजा करा. ३४ उरतात, तो त्याचा स्वतःचा आवाज. म्हणजे साधा माइक जास्त कुजबुजतो हे खरं, पण बोलणाऱ्या माणसासमोर ती कुजबुज सहज दबते. खरखर बोलण्याच्याच तोडीची ऐकू येत असेल तर दोष बहुतेक वेळा दुसरीकडे असतो.

कुठे, ते मला काकूंकडे कळलं, पण उशिरा. पडत्या आवाजात त्या गात होत्या आणि हेडफोनमध्ये त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता. निरोपात सांगितल्याप्रमाणे मी रेकॉर्डर चार्जरला लावला आणि गेन शेवटापर्यंत नेला. झालं एवढंच की सूंऽऽच्या जोडीला एक जाड घुंऽऽ आली. घरी येऊन मेनू उलगडला, तर प्लग-इन पॉवर, म्हणजे माइकला वीज देणारी सोय, बंद! या माइकला दोन-तीन व्होल्ट लागतात आणि करंट अर्धा मिलिॲम्पिअरसुद्धा पुरतो. ही वीज त्याला रेकॉर्डरच्या सॉकेटातूनच मिळते. सॉकेटातली वीजच बंद असेल तर भिंतीतल्या चार्जरचा काय उपयोग? हे बटण कुठे मेनूत असतं, कुठे रेकॉर्डरच्या पाठीवर. आधी ते बघा.

त्यानंतर माइकची पिन बघा. मोबाइलसाठीच्या माइकच्या पिनेवर तीन काळ्या रिंगा असतात, रेकॉर्डरला दोन रिंगांची लागते. तीन रिंगांची पिन थेट खुपसली की माइकची तार ग्राउंडला (सर्किटच्या जमिनीला) टेकते आणि आवाज एकतर येतच नाही किंवा मेल्यासारखा येतो. कितीतरी चांगले माइक यापायी कचऱ्यात गेले असतील. एक साधा ॲडॅप्टर लावला की काम भागतं.

ती जाड घुंऽऽ चार्जरची होती. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण चार्जरमधून रेकॉर्डरमध्ये शिरते. रावपुऱ्याकडच्या जुन्या वाड्यांत तीन भोकांचा सॉकेट असतो पण मागे अर्थिंगची तारच नसते, तिथे तर हमखास. रेकॉर्डर सेलवर किंवा पॉवर बँकेवर चालवा. सेलवर घुंऽऽ थांबली तर माइक निर्दोष. अधूनमधून टर्रर्र-टर्रर्र ऐकू आलं तर तो जवळचा मोबाइल. फ्लाइट मोडवर टाका आणि दुसऱ्या खोलीत ठेवा.

गेनच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. गेन फारच कमी ठेवून नंतर कॉम्प्युटरवर आवाज वाढवला तर रेकॉर्डरची स्वतःची खरखर जास्त वर येते. बोलण्याचे चढ रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जातील इतका गेन हवाच. पण गेन काही बोलणं आणि खरखर यांत निवड करत नाही, दोन्ही सारखीच वाढवतो. निवड करतं ते अंतर. अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि माइकची सूंऽऽ होती तिथेच राहते. मी माइक झोपाळ्याशेजारच्या स्टुलावर ठेवला होता, काकूंपासून साठ सेंटिमीटरवर. हनुवटीखाली पंधरावर लावला असता तर १२ डेसिबल फुकट मिळाले असते. मात्र पदराला माइक लावताना त्याच्या तारेचा एक छोटा फास करून मायक्रोपोअर टेपने आतल्या बाजूला चिकटवा, नाहीतर सिंथेटिक साडीची घसघस थेट तारेतून आत जाते.

२४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झबद्दल थोडक्यात. १६ बिटमध्येच ९६ डेसिबलची जागा असते आणि आपल्या माइकची खरखर त्या जागेच्या तळापेक्षा पुष्कळ वर असते. २४ बिट जरूर घ्या, पातळी थोडी चुकली तरी निभावतं. पण त्याने सूंऽऽ कमी होत नाही. ३२ बिट फ्लोट या त्याहून मोठ्या मापानेही नाही.

आता ॲप. माझा खरा राग इथे आहे. ‘चंद्र’ म्हणताना आपण तालव्य च उच्चारतो, ‘चांदणं’ म्हणताना दंत्य. ‘चूल’ही दंत्य. गुजरातीच्या सहवासात आमच्या घरातल्या पोरांचा दंत्य च पुसट होत चाललाय. काकूंचा शाबूत आहे, आणि मला तोच जपायचा होता. या दंत्य च-ज-झ ची धार, स आणि श ची सळसळ, हे सगळं वरच्या पट्टीत असतं, साधारण ४ ते ८ किलोहर्ट्झमध्ये. माइकची सूंऽऽ नेमकी तिथेच सर्वांत बोचते. ॲपला खरखर पुसायला सांगितली की ते तिच्यासोबत च ची धारही पुसतं आणि मागे पाण्यात बोलल्यासारखी बुडबुड ठेवतं. पुसायचंच तर मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या नकलेतली खरखर पुसा, हलक्या हाताने.

आणि त्याआधी एक तपासणी करा. एका रिकाम्या पिनेत टोकापासून ग्राउंडला (बुडाच्या धातूला) आणि दोन काळ्या रिंगांमधल्या धातूपासून ग्राउंडला २.२ किलोओहमचा एकेक रेझिस्टर झाळून घ्या. खर्च किरकोळ आहे. नुसता माइक काढून तपासू नका, कारण मग रेकॉर्डरचा आतला माइक सुरू होतो आणि फसगत होते. ही पिन लावून तोच गेन ठेवा आणि ऐका. सूंऽऽ तेवढीच राहिली तर ती रेकॉर्डरची. कमी झाली तर माइक परत लावा, गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवा आणि पुन्हा ऐका. गोधडीत शांत झाला तर तुम्ही ज्याला खरखर म्हणत होता तो पंखा होता, झोपाळ्याच्या कड्या होत्या, रस्ता होता. मे महिन्यातल्या बडोद्यात ऐंशीच्या माणसाचा पंखा बंद करू नका. पहाटे जा. गोधडीतही तेवढीच सूंऽऽ असेल तर ती माइकची. पिनेपाशी तार हलवल्यावर कडकड झाली तर तार आतून तुटली आहे. नवी पिन झाळली की माइक पुन्हा चालतो.

पुढच्या आठवड्यात पहाटे साडेपाचला काकूंकडे परत गेले. प्लग-इन पॉवर चालू, रेकॉर्डर सेलवर, माइक पदराला. ‘चूल’ चुलीसारखी ऐकू आली. पण पहिल्या दिवशी गायलेल्या ओव्यांपैकी दोन त्यांना आता आठवत नाहीत. त्या जुन्या फाइलमध्ये खरखरीखाली आहेत, आणि ती फाइल मी न पुसता तशीच ठेवली आहे.