शेजाऱ्याला निवडून आणण्याची खात्रीशीर कृती

शेजारच्या देशातला एखादा कर्नल डोळ्यांत खुपतोय? तो निवडणुकीत आपटावा असं वाटतंय? मग १९४५-४६ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने अर्जेंटिनात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कर्नल पेरोन याच्या बाबतीत केलं, तेच तंतोतंत करा.

आधी राजदूत निवडा. मितभाषी अजिबात नको. स्प्रूल ब्रेडनसारखा हवा. स्पॅनिश फर्डी, आवाज खणखणीत आणि मे महिन्यात ब्युनोस आयर्सला उतरल्यापासून यजमान सरकारवर जाहीर तोंडसुख घेणारा. चार महिन्यांनी त्याला परत बोलवा, पण बढती देऊन. सगळ्या लॅटिन अमेरिकेचा कारभार त्याच्या हाती गेला की धोरण कुठलं आणि राग कुठला, हे ओळखण्याची कटकट संपते.

आता सल्लामसलत. इथे क्रम चुकवू नका: आधी निकाल, मग पंच. अमेरिका खंडातल्या देशांची संरक्षण करारासाठीची रिओची परिषद २० ऑक्टोबरला भरायची आहे ना? ३ ऑक्टोबरलाच सांगून टाका की अर्जेंटिनाच्या या सरकारबरोबर आम्ही करार करणार नाही, परिषद पुढे ढकला. त्यानंतर बाकीच्या प्रजासत्ताकांना नम्रपणे विचारा, 'तुमचं काय मत?' उरुग्वेचा परराष्ट्रमंत्री सामुदायिक कारवाईची कल्पना मांडेल; तिला लगेच टाळ्या वाजवा. बहुतेक शेजारी मात्र १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराकडे बोट दाखवतील. कुणी कुणाच्या घरात ढवळाढवळ करायची नाही, असं त्यात लिहिलंय. आज ब्युनोस आयर्स, उद्या आपण, एवढा हिशेब त्यांना येतो. तुम्ही लक्ष देऊ नका.

मग पुस्तक काढा. जर्मनीत हाती लागलेली कागदपत्रं, नाझींशी संधानाचे आरोप, निळं मुखपृष्ठ. मजकूर आरोपपत्राचा, पण नाव ठेवा 'अर्जेंटिनाच्या परिस्थितीबाबत अमेरिकी प्रजासत्ताकांमधील सल्लामसलत'. मतदान २४ फेब्रुवारीला, तर पुस्तक पंधरवडाभर आधी. फार आधी काढलं तर लोक विसरतात, फार उशिरा काढलं तर समोरच्याला भिंती रंगवायला वेळ पुरत नाही. पेरोनला तेवढा पुरला: 'ब्रेडन की पेरोन?' वर त्याने 'निळं-पांढरं पुस्तक' काढलं, राष्ट्रध्वजाचेच रंग. आरोप खरे किती, खोटे किती, हे मग कुणी विचारलंच नाही. छापले कुणी, एवढंच पाहिलं. खरा विरोधी उमेदवार ताम्बोरिनी. पण या सामन्यात त्या बिचाऱ्याचं नाव घ्यायला कुणाला सवड?

पेरोनला ५२ टक्क्यांहून अधिक मतं पडली. आता नवा राजदूत पाठवून गोडीगुलाबी सुरू करा, जून १९४७ मध्ये ब्रेडनचा राजीनामा घ्या आणि ऑगस्टमध्ये ती रखडलेली रिओ परिषद भरवा. अर्जेंटिनाची खुर्ची मांडायला विसरू नका.