अहमद झेवैल यांच्याविषयी फिरणारा मजकूर आणि वस्तुस्थिती

मराठवाड्यातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या रसायनशास्त्रज्ञ अहमद झेवैल यांच्याविषयीचा एक मजकूर फिरतो आहे. त्यात म्हटले आहे, की इजिप्तमधील या मुलाला मायदेशाने काहीही शिकवले नाही; अमेरिकेत पाऊल ठेवताच त्याने एकट्याने ‘फेम्टोसेकंद’ (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) शोधला आणि अणूंचे फोटो काढणारा कॅमेरा बनवला; नोबेल मिळवणारा तो पहिला मुस्लिम शास्त्रज्ञ ठरला; आणि मायदेशाकडे त्याने पुन्हा वळूनही पाहिले नाही. शेवटी सल्ला असा, की नांदेड, परभणी, बीडमध्ये राहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. करणे म्हणजे उमेदीची वर्षे पाण्यात घालणे. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत काही शिक्षकही आहेत, म्हणून त्यातील विधाने तपासणे मला आवश्यक वाटते.

मायदेशाने काही शिकवले नाही, हे विधान सर्वांत चुकीचे आणि सर्वांत अन्यायकारक आहे. झेवैल यांचा जन्म १९४६ साली दमनहूर येथे झाला आणि ते दसूक या गावी वाढले. अलेक्झांड्रिया विद्यापीठातून १९६७ मध्ये विशेष प्राविण्यासह पदवी घेतल्यावर त्याच विद्यापीठाने त्यांना कनिष्ठ विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी नेमले आणि तेथेच त्यांनी वर्णपटशास्त्रात (प्रकाशाच्या साहाय्याने रेणूंचा अभ्यास) एम.एस्सी.चे संशोधन केले. इस्रायलशी झालेल्या १९६७ च्या युद्धानंतर इजिप्त सरकार आपले विद्यार्थी सोव्हिएत संघात आणि पूर्व युरोपात पाठवत असे. अमेरिकेची वाट जवळजवळ बंद होती. अशा वेळी त्यांना बाहेर जाण्याचा आग्रह करणारे त्यांचे मार्गदर्शक अलेक्झांड्रियातलेच होते, आणि त्यांपैकी याह्या अल तंतावी हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकून आलेले होते. झेवैल यांनी अनेक विद्यापीठांशी पत्रव्यवहार केला आणि शिष्यवृत्ती मिळाल्यावर ते त्याच पेनसिल्व्हेनियात दाखल झाले. ज्या विद्यापीठाने हे सगळे दिले, ते स्वतंत्रपणे सुरू होऊन तेव्हा जेमतेम २५ वर्षे झाली होती. १९५८ साली स्थापन झालेले आपले मराठवाडा विद्यापीठ आज तेव्हाच्या त्या विद्यापीठाहून वयाने कितीतरी मोठे आहे.

‘पाऊल ठेवताच’ आणि ‘एकट्याने’ हे दोन्ही शब्द तारखांसमोर टिकत नाहीत. ते १९६९ मध्ये अमेरिकेत गेले, रॉबिन हॉचस्ट्रासर यांच्या हाताखाली १९७४ मध्ये पीएच.डी. झाले, त्यानंतर बर्कली येथे संशोधन करून १९७६ मध्ये कॅलटेक या कॅलिफोर्नियातील संस्थेत रुजू झाले. आयोडीन सायनाइडच्या रेणूतील बंध तुटताना पाहण्याचा प्रयोग १९८७ चा आहे, म्हणजे अमेरिकेत पोहोचल्यापासून १८ वर्षांनंतरचा, आणि त्या शोधनिबंधावर मार्कोस डँटस व मार्क रॉस्कर यांचीही नावे आहेत. इतक्या आखूड स्पंदांचे (प्रकाशाच्या क्षणिक झोतांचे) लेसर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आधीच विकसित झाले होते. अतिवेगवान अभिक्रियांच्या अभ्यासासाठी आयगेन, नॉरिश आणि पोर्टर यांना १९६७ मध्येच नोबेल मिळाले होते. अभिक्रियांच्या गतिकीसाठी १९८६ मध्ये ते हर्शबाख, ली आणि पोलान्यी यांना मिळाले. राहिला फेम्टोसेकंद. १० चा उणे १५ वा घात दाखवणारा ‘फेम्टो’ हा उपसर्ग १९६४ मध्येच आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत आला होता, आणि तेव्हा झेवैल विद्यार्थी होते.

कॅमेऱ्याची उपमा लोकप्रिय आहे, परंतु तिच्यामुळे खरी कल्पकता झाकली जाते. या प्रयोगात अणूचे छायाचित्र निघत नाही. लेसरचा पहिला स्पंद रेणूला उद्दीपित करून अभिक्रियेचा क्षण निश्चित करतो. दुसरा स्पंद किंचित उशिरा येऊन त्या घडीला रेणूची स्थिती काय आहे, हे त्याच्या प्रकाशीय प्रतिसादावरून सांगतो. हा उशीर घड्याळाने मोजणे शक्यच नाही. प्रकाश एका फेम्टोसेकंदात ०.३ मायक्रोमीटर जातो, म्हणून आरसा सरकवून दुसऱ्या स्पंदाचा मार्ग तेवढा लांबवला, की हवा तो उशीर मिळतो. निरनिराळ्या उशिरांची मोजमापे ओळीने मांडली, म्हणजे अभिक्रियेचा प्रवास उलगडतो. आयोडीन सायनाइडमधील बंध सुमारे २०० फेम्टोसेकंदांत तुटतो असे दिसले. सोडियम आयोडाइडमध्ये तर त्याहून विलक्षण दृश्य मिळाले: उद्दीपित रेणूतील दोन अणू दूर जात, पुन्हा जवळ येत, हे आंदोलन साधारण सव्वा पिकोसेकंदाचे (एक पिकोसेकंद म्हणजे १००० फेम्टोसेकंद) असे आणि प्रत्येक फेरीत काही रेणू कायमचे तुटत. १९९९ चे नोबेल संक्रमण अवस्थांच्या, म्हणजे अभिक्रिया घडत असतानाच्या रेणूंच्या क्षणिक अवस्थांच्या, या अभ्यासासाठी आहे.

पहिला मुस्लिम शास्त्रज्ञ हे विधान एका ओळीत निकाली निघते: पाकिस्तानचे अब्दुस सलाम यांना भौतिकशास्त्राचे नोबेल १९७९ मध्येच मिळाले होते.

मायदेशाकडे पाठ फिरवल्याचा आरोपही खरा नाही. १९८२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, हे खरे. मात्र इजिप्तने १९९९ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ द नाइल’ हा सर्वोच्च सन्मान दिला, आणि तेथे विज्ञाननगरी उभारण्यासाठी त्यांनी प्रदीर्घ प्रयत्न केले. २००० साली पायाभरणी होऊन रखडलेला तो प्रकल्प २०११ च्या क्रांतीनंतर पुन्हा सुरू झाला. जागेवरून नाइल विद्यापीठाशी वाद होऊन प्रकरण न्यायालयात गेले, हेही नमूद करायला हवे. २०१६ मध्ये पॅसाडेना येथे त्यांचे निधन झाले आणि दफन इजिप्तमध्ये झाले.

आता तो सल्ला. हे प्रयोग अलेक्झांड्रियात होऊ शकले नसते, हे मान्यच आहे, आणि ज्याला अशी साधने हवीत त्याने बाहेर जरूर पडावे. परंतु त्यासाठी लागणारा पाया येथे मिळत नाही, हे मला मान्य नाही. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत मिथाइल अ‍ॅसिटेटच्या जलविघटनाचा प्रयोग असतो. विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी मिश्रणाचा थोडा भाग बर्फाच्या पाण्यात काढतो आणि ब्युरेटने टायट्रेशन करून, म्हणजे त्यातील आम्ल मोजून, वेग स्थिरांक (अभिक्रिया किती वेगाने होते हे सांगणारा आकडा) काढतो. येथे अभिक्रियेला तास लागतात, कारण ऊर्जेचा अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा कोणत्याही क्षणी फार थोड्या रेणूंकडे असते. ज्याच्याकडे ती असते, त्याचे ओलांडणे मात्र क्षणार्धाच्याही अंशात उरकते. तो अंश किती, याचा अंदाज हेन्री आयरिंग यांच्या १९३५ च्या समीकरणातून येतो. बोल्ट्झमन स्थिरांकाला ३०० केल्व्हिन तापमानाने गुणून प्लांक स्थिरांकाने भागले, की दर सेकंदाला सुमारे ६ गुणिले १० चा १२ वा घात ही वारंवारिता मिळते, म्हणजे एकदा ओलांडायला सुमारे १६० फेम्टोसेकंद. झेवैल यांनी प्रत्यक्ष मोजलेल्या काळाच्या पंक्तीतला हा आकडा परभणीतला बी.एस्सी.चा विद्यार्थी साध्या कॅल्क्युलेटरवर काढू शकतो.