‘चादर पांघरून’ म्हणणाऱ्या वाचकास

‘एक सोलापूरकर’ यांस,

पारावर आणि ओट्यावर माणसं एकमेकांच्या मदतीला कशी यायची, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, ‘आठवणींची सोलापुरी चादर पांघरून बसलाय. पार पुरुषांचा, बायका कुठे होत्या? मदतही जात बघूनच व्हायची. भिशी बुडवून पळणारे विसरलात. आणि जुनी गिरणी 1877 ची, 1887 ची नव्हे.’

साल चुकलं, मान्य. दुरुस्त केलंय, आभार.

पण चादरीची कोटी कशाला? मुद्दा असेल तर सरळ मांडा. सोलापूरकर फटकळ असतो, पण तोंडावर बोलतो आणि नाव सांगून बोलतो. तुम्ही कसले सोलापूरकर?

बायका कुठे होत्या? आमच्या ओट्यावर. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, सोबत शेजारच्या दोन तेलुगू बायका. आईला तेलुगू कळायचं, त्यांना मराठी. भांडण मात्र ज्या त्या भाषेत. पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. हजार भरेपर्यंत दिवस मावळायचा. वडील यंत्रमागावर. पाय दुखावून दीड महिना घरी बसले, तेव्हा घर त्या सुपावर चाललं. आईचं मन लागेना, हात चालेनात. तर त्या दोघी आपल्यातल्या शंभर-दोनशे विड्या आईच्या गठ्ठ्यात सरकवायच्या, कारखान्यात तिची मजुरी कापली जाऊ नये म्हणून. त्या महिन्यात भिशीचा नंबर लागला त्यांच्यातल्या एकीला. पोरीचं लग्न तोंडावर आलेलं, तरी पैसे तिनं आईच्या हातात ठेवले. हे मी वाचलेलं नाही, पाहिलंय. तुम्ही कधी सूप मांडीवर घेतलंय?

पार तिथून वीस पावलांवर होता. आई तिथे कधी बसली नाही, हे खरं. पण तिला वेळ तरी कुठे होता?

सोलापूरजवळ कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची 10 हजार घरं उभी राहिली, ती काय आभाळातून पडली? त्यासाठीच्या मोर्चाला कोण कोण जायचं, हे असल्या ओट्यांवरच ठरायचं.

भिशी बुडवणारे होते. असतातच. जातीचं म्हणाल तर त्यावर स्वतंत्र लिहीन, इथे विषय वाढवत नाही.

ओटा रस्तारुंदीत गेला, नाहीतर दाखवायला नेलं असतं. पुढची प्रतिक्रिया नावानिशी द्या. बाळीवेशीकडे राहत असाल तर चहाला या, समोरासमोर भांडू.